तक्रार जुनीच आहे

८ जानेवारी

प्रिय मावशी,

मागच्या वेळी फोनवर मी अर्धा तास घसा फोडत होते आणि शेवटी तू म्हणालीस, पत्र लिही बाई, तुझ्या ओरडण्याने माझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतंय. म्हणून हे पत्र. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरी तुला दाराची घंटा ऐकू येत नाही आणि पोस्टमन दोनदा परत जातो, हे तूच सांगितलं होतंस.

काम तुझ्या खात्यातलं आहे. मला नाकाचं ऑपरेशन करून घ्यायचंय. हसू नकोस. आमच्या चष्म्याच्या दुकानाने सगळ्या नोकरांचा मिळून आरोग्य विमा काढलाय, तो तुझ्याच कंपनीचा आहे. त्यात हे बसतं का, एवढंच मला सांग.

सहा वर्षं मी लोकांच्या नाकांवर फ्रेम बसवतेय. दिवसाला तीसेक नाकं होतात. बसकी, टोकदार, एका बाजूला कललेली, सगळी मला पाठ आहेत. कुणाच्या नाकावर कुठली फ्रेम घसरेल ते माणूस दारातून आत येतानाच सांगते. माझ्या स्वतःच्या नाकावर मात्र एकही धड बसत नाही. मधला तो उंचवटा आणि खाली वळलेलं टोक. बाबांचं नाक. पण त्याचंही मला काही नव्हतं गं, मी हसण्यावारी नेत होते.

गेल्या वर्षी बाबा गेल्याची बातमी आली. बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला माणूस, दुसऱ्याच कुठल्या घरात गेला. आई रडली नाही. शिलाई मशीनवर बसली होती, तशीच पाय मारत राहिली. पण त्या दिवसापासून ती माझ्या तोंडाकडे बघत नाही. बोलते, जेवायला वाढते, उशीर झाला की चिडते, सगळं माझ्या कानाकडे नाहीतर मागच्या भिंतीकडे बघून. बाबांचे फोटो तिने कधीच फाडून टाकलेत. घरात राहिलेला एकच फोटो मी.

दोनच माणसं घरात, आणि एकीने दुसरीकडे बघायचं नाही. मला हे सहन होत नाही, मावशी. म्हणून विचारतेय.

तुझी,
भिंगरी

१६ जानेवारी

प्रिय भिंगरी,

बापाच्या नाकापायी आता तू सुरीखाली जाणार. त्या माणसाने जाऊनही तुम्हाला सुखाने राहू द्यायचं नाही असंच ठरवलेलं दिसतंय.

पण तू विचारलंस ते सांगते. सव्वीस वर्षं या टेबलावर दुसऱ्यांची दुखणी कागदावर वाचण्यात गेली, तेवढं मला येतं. नाक दिसतं कसं, याच्याशी विम्याला काही देणंघेणं नाही. नाक काम करतं की नाही, याच्याशी आहे. अपघातात मोडलं, जन्मापासून व्यंग आहे, रोग झाला म्हणून कापावं लागलं किंवा श्वास अडतो, एवढ्या चार दारांतून माणूस आत येतो. बाहेरचा आकार बदलणं त्यात धरलं जातं का? जातं, पण डॉक्टरांनी लिहून दिलं तरच, की बाहेरचं हाड सरळ केल्याशिवाय आतला रस्ता मोकळा होणार नाही. सगळं घोडं त्या एका वाक्याशी अडतं.

पहिली तीन दारं तुला बंद आहेत. चौथं उघडता येईल. नाकाच्या आतला पडदा जवळजवळ प्रत्येकाचाच जरा वाकडा असतो, तुझाही निघेल. पण वाकडा आहे म्हणून काही होत नाही, त्रास होतो हे तुला सांगावं लागेल. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, चेहरे सुंदर करणाऱ्याकडे नको. उजव्या बाजूने हवा येत नाही म्हण. झोपेत तोंड उघडं राहतं, सकाळी घशाला कोरड पडते, जिना चढताना थांबावं लागतं. कधीपासून विचारलं तर शाळेपासून. ते सहा आठवडे फवारा मारायला सांगतील. तो आणायचा, चिठ्ठी जपून ठेवायची आणि सहा आठवड्यांनी जाऊन सांगायचं, काही फरक नाही. ‘दिसायला’ हा शब्द एकाही कागदावर आला तर तुझी फाइल मिटली म्हणून समज.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोष्ट एकच ठेवायची. डॉक्टरांना वेगळी, दुकानात वेगळी, असं केलंस की अडकलीस. मी असल्या कितीतरी बायका अडकलेल्या बघितल्यात. एकीने बहिणीला लिहिलेलं कार्ड तिच्या भांडखोर दिराने आमच्याकडे आणून दिलं होतं, त्यावर सगळं खरं लिहिलेलं. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. माझी पत्रं इथे चार टेबलं फिरून येतात आणि पाकीट नेहमी चिकटलेलंच असतं असं नाही. म्हणून यापुढे मलाही तसंच लिही, जसं डॉक्टरांना सांगशील. डोळे मिचकावू नकोस, ‘गंमत’ म्हणून लिहू नकोस. मला खरं काय ते कळतंच.

हे पत्र वाचून फाडून टाक. आणि ताईला यातलं काही सांगू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही.

तुझी मावशी

१४ मार्च

प्रिय मावशी,

बरेच दिवस पत्र लिहिलं नाही, कारण तब्येत बरी नव्हती. उजव्या नाकपुडीतून हवा येतच नाही. शाळेपासून हे असंच आहे, पण आता फार वाढलंय. सकाळी उठते तर जीभ टाळूला चिकटलेली. दुकानातल्या माळ्यावर फ्रेमचे खोके आणायला चढले तर मधल्या पायरीवर थांबून धापा टाकते. परवा तर मालक म्हणाले, बाई, तुम्ही खालीच बसा.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले होते. भला माणूस आहे. नाकाखाली एक थंडगार पट्टी धरली, दोन्ही बाजूंनी वाफ किती धरते ते बघायला. मी कसाबसा श्वास सोडला. मग एका नळीत फुंकायला लावलं. आकडा कमी आला, ते काळजीत पडले. सहा आठवडे फवारा मारला, चिठ्ठी जपून ठेवलीय, फरक शून्य. फोटोत पडदा डावीकडून उजवीकडे कललेला दिसला. किती त्रास होतो म्हणून त्यांनी विचारलं, मी म्हटलं, डॉक्टर, उजवीकडून मला अजिबात म्हणजे अजिबात श्वास येत नाही, ती नाकपुडी असून नसल्यासारखी आहे.

ते आता त्यांच्या ओळखीच्या सर्जनला चिठ्ठी देणार आहेत. आई बरी आहे. माझ्या उजव्या कानाकडे बघून तिने तुला नमस्कार सांगितलाय.

तुझी,
भिंगरी

२२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझ्या आजारपणाचं वाचून वाईट वाटलं. ‘अजिबात म्हणजे अजिबात’ जरा जास्त झालं, पण असो. खऱ्या दुखण्यातही माणूस थोडं वाढवून सांगतोच.

आता नीट वाच. तुझ्या ऑपरेशनच्या मंजुरीचे कागद आले आणि आले ते नेमके माझ्या टेबलावर. नात्यातलं प्रकरण असलं तर शेजारच्या टेबलावर द्यायचं, असा आमचा नियम आहे. मी कागद हातात धरून बसले. शेजारचे साहेब चहाला गेले होते. ते आले, बसले, पेन्सिलीला टोक काढलं, आणि तरी कागद माझ्याच हातात. मग मी सही केली. सव्वीस वर्षांत कुणासाठी केलं नव्हतं. सर्जनने ते वाक्य लिहिलंय, बाहेरचं हाड सरळ केल्याखेरीज श्वासाचा मार्ग मोकळा होणार नाही. तेव्हा तुझं नाक आतून आणि बाहेरून दोन्हीकडून मंजूर झालंय.

तुमच्याकडे यायची फार इच्छा आहे, पण आता वर्षभर तरी मला तिकडे फिरकता येणार नाही. तुझी फाइल तपासणीला निघाली आणि मी तुझ्या घरी राहून आलेय हे कळलं तर दोघींचं अवघड होईल. डिसेंबरात मी निवृत्त होतेय. तोवर काही बाहेर आलं नाही म्हणजे मिळवलं.

ऑपरेशननंतर एक लक्षात ठेव. लगेच ‘आता मी ठणठणीत’ म्हणून नाचत सुटू नकोस. आठ दिवसांत ठणठणीत झालेल्या माणसाकडे आमचे तपासनीस दुसऱ्यांदा बघतात. खरा रोगी कधी समाधानी नसतो. सहा महिने कुरकुर करत राहा. अजून त्रास आहे, अजून मोकळं वाटत नाही, असं लिहीत राहा. मलाही तेच लिही.

मावशी

५ जून

प्रिय मावशी,

झालं एकदाचं. सतरा मेला ऑपरेशन झालं. नाकात दोन्ही बाजूंना पट्ट्या, वर पांढरा साचा, डोळ्यांखाली काळंनिळं. आरशात बघून मीच दचकले. परवा साचा निघाला. नाक सरळ आहे, मावशी. वरून खालपर्यंत एक रेघ. दुकानातली सगळ्यात नाजूक फ्रेम घातली, ती जिथे ठेवली तिथेच राहिली.

घरी आले तेव्हा आई मशीनवर होती. मी समोर उभी राहिले. तिने मान वर केली आणि बघितलं. खरंच बघितलं, माझ्या तोंडाकडे, बराच वेळ. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती उठली आणि आत जाऊन पाणी पिऊन आली. मग म्हणाली, ‘आता तू कुणासारखीच दिसत नाहीस.’ आणि पुन्हा मशीनवर बसली. हे चांगलं की वाईट, मला कळलं नाही. तुला कळलं तर सांग.

आत अजून मोकळं वाटत नाही. सूज उतरेपर्यंत असं वाटतं म्हणतात.

भिंगरी

१४ जून

प्रिय भिंगरी,

ताई पहिल्यापासून अशीच आहे, तिच्या तोंडून गोड शब्द काढायचा म्हणजे नाकी नऊ येतात. बघायला लागली ना? मग झालं. पुढचं हळूहळू होईल.

शेवटची ओळ छान लिहिलीस. एवढीच कुरकुर पुरे. एकदम सगळं बाहेर काढू नकोस, दर पत्रात थोडं थोडं वाढव.

मी कपाट आवरायला घेतलंय. जानेवारीत तुमच्याकडे येईन ती महिनाभर राहीन. तुझ्या खोलीत माझी गादी टाक.

मावशी

२० जुलै

प्रिय मावशी,

हे पत्र कसं लिहायचं, तेच मला कळत नाहीये. तीन कागद फाडले.

सूज उतरली. नाक आतून मोकळं आहे, इतकं मोकळं की हवा आत जाते तेव्हा मला लागतच नाही. श्वास घेतला की नाही घेतला, कळत नाही. छाती वरखाली होते आणि तरी डोकं म्हणतं, हवा आली नाही, हवा आली नाही. मग तोंडाने ओढते. घसा सोलून निघाल्यासारखा झालाय. डोळा लागला की श्वास घ्यायचं राहून जाईल असं वाटतं आणि दचकून उठते. गेले अठरा दिवस खुर्चीत बसून झोपतेय. वासही गेलेत. परवा दूध करपलं, घरभर धूर झाला, मी तिथेच बसले होते.

दुकानात एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते. त्यांचा श्वास माझ्या मनगटाला लागला, साधा, कोमट. मी तिथेच रडायला लागले. ते बिचारे घाबरून म्हणाले, फ्रेम चांगली आहे हो.

मावशी, हे तसं नाहीये. हे मी खरंच लिहितेय. तू सांगितलं होतंस त्यातलं हे नाही.

भिंगरी

२९ जुलै

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. काय लिहितेस गं तू! आजोबांचा श्वास मनगटाला लागला म्हणे. हसता हसता माझा घास अडकला, शेजारच्या टेबलावरचे साहेब पाठीत थापट्या मारायला धावले. ‘हे मी खरंच लिहितेय’ हे तर मलाही सुचलं नसतं. नकला करण्यात तू ताईवर गेलीस. लहानपणी तीही शाळा चुकवायला असंच पोट धरून लोळायची की डॉक्टरसुद्धा फसायचे.

फक्त थोडं आवर. एवढं लिहिलंस तर पुढच्या महिन्यात काय लिहिशील?

मावशी

२७ ऑगस्ट

मावशी,

पुन्हा लिहितेय. कसं लिहिलं म्हणजे तुला खरं वाटेल?

सर्जनकडे चारदा गेले. ते आत दिवा घालून बघतात आणि म्हणतात, रस्ता एकदम मोकळा आहे, बोट जाईल एवढा. मग मला हवा का लागत नाही म्हटलं तर त्यांनी माझी फाइल उघडली आणि माझीच वाक्यं मला वाचून दाखवली. झोपेत तोंड उघडं राहतं. घशाला कोरड पडते. चढताना थांबावं लागतं. ‘बाई, या तक्रारी तुमच्या शाळेपासून आहेत. ऑपरेशनने नवीन काही झालेलं नाही.’ खाली त्यांनी तसं लिहिलंसुद्धा, तक्रार जुनीच आहे.

दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी खूप वेळ बघितलं. नाकाच्या आत भिंतींवर मांसाचे फुगवटे असतात, हवा त्यांना घासून जाते म्हणून आपल्याला श्वास घेतल्याचं कळतं. माझे दोन्हीकडचे जवळजवळ सगळे कापून टाकलेत. त्या म्हणाल्या, एवढं कुणी काढत नाही. मी परत सर्जनकडे जाऊन विचारलं, का काढलं? तो माणूस वाईट नाहीये, मावशी. तो शांतपणे म्हणाला, ‘तुम्हीच सांगितलं होतंत, अजिबात म्हणजे अजिबात श्वास येत नाही. म्हणून मी जितका करता येईल तितका रस्ता रुंद केला.’

ते परत बसवता येत नाहीत. काहीतरी भर घालून थोडा आराम पडेल असं एक ऑपरेशन आहे, पण ते फार कमी ठिकाणी होतं आणि विमा कंपनीने ते मान्य करायला हवं. कंपनीने मला कळवलंय, तक्रार जुनीच आहे.

तू ये. काही बोलू नकोस, फक्त येऊन माझ्यासमोर बस आणि बघ.

भिंगरी

४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरांवर ठपका येईल असं लेखी काही लिहू नकोस. त्यांनी स्वतःच्या बचावासाठी फाइल बाहेर काढली तर माझी सही वर येईल. कुरकुर म्हणजे एवढी नव्हे. काय असेल ते डिसेंबरनंतर बसून बोलू.

ऊन फार आहे, पाणी पीत जा.

मावशी

६ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

महिना झाला, तुझं पत्र नाही. रागावलीस का? दोन ओळी तरी पाठव.

मावशी

१८ ऑक्टोबर

धाकटे,

मला पत्र लिहायची सवय नाही. तरी लिहिते, कारण तुला फोन करून उपयोग नाही.

पोरगी आजारी आहे. दुकान सोडलंय तिने. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असते, ओला रुमाल नाकावर धरून. एका जागी पाच मिनिटं न बसणारी माझी पोर. खाता खाता श्वास घ्यायला थांबते, मग खाणं नको म्हणते. ती फार बारीक झालीय.

तिच्या पेटीत तुझी पत्रं सापडली. फाडून टाक म्हणून तू लिहिलं होतंस, तिने एकही फाडलं नाही. मी सगळी वाचली. मावशीला का कळवत नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाली, मावशीला खरं काय ते कळतंच.

तुला ऐकू येत नाही, म्हणून ती कशी श्वास घेते ते लिहिते. आधी काहीच नसतं. मग एकदम तोंडाने हवा ओढते, पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखी. मग पुन्हा काही नाही. मी मशीन थांबवून आकडे मोजते. नऊ, दहा झाले की उठून जवळ जाते. तेवढ्यात ती ओढते. रात्रभर हेच चालतं. फोनवर तुला हे ऐकू आलं असतं तर एका मिनिटात समजलं असतं. दूधवाल्यालासुद्धा दारातून समजलं.

आणि मी तिच्याकडे बघत नव्हते, ते तिला वाटलं तसं नव्हतं. तो गेल्याचं कळल्यावर मला रडायचं होतं. बारा वर्षं शिव्या दिलेल्या माणसासाठी कुठल्या तोंडाने रडू? तिच्या चेहऱ्याकडे बघितलं की भडभडून यायचं, म्हणून मी भिंतीकडे बघायचे. त्याचं तेवढंच एक घरात राहिलं होतं. ते गेलं. आता मी तिच्याकडे हवं तितकं बघू शकते, रडू येत नाही.

तुला दोष द्यायला लिहिलं नाही. तिने मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिने तुला विचारलं.

ताई

२९ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझं जुलैचं पत्र मी आज पुन्हा वाचलं. ते वाचून मी हसले होते. हे मला मरेपर्यंत पुरेल.

आणखी एक सांगते, कारण आता लपवून काय करू. ऑगस्टचं पत्र वाचताना माझ्या मनात पाल चुकचुकली होती. ते कापलेले फुगवटे कुणी मनाने रचून लिहीत नाही, एवढं सव्वीस वर्षांत मला कळलं असणार. पण निवृत्तीला तीन महिने राहिले होते. मी स्वतःला म्हटलं, पोरगी लिहिते छान. आणि पत्र कपाटात ठेवून दिलं.

काल मी मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांच्या टेबलावर चार पानी जबाब ठेवला. त्यात लिहिलं, ऑपरेशनच्या आधी तिला कसलाही त्रास नव्हता, त्या सगळ्या तक्रारी मी सांगून लिहवून घेतल्या, मंजुरीवर सही माझी आहे आणि ती माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे. म्हणजे आताचा त्रास जुना नाही, ऑपरेशननंतरचा आहे. तो तसा नोंदवा आणि तिचं दुसरं ऑपरेशन मंजूर करा, एवढंच मागितलं. त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचलं. मला आजपासून घरी बसायला सांगितलंय. पेन्शनचं काय ते नंतर ठरेल. त्याचं मला काही नाही.

तू दहा वर्षांची असताना भरल्या घरात ‘अगदी बापाचं नाक घेऊन आलीय’ असं मीच पहिल्यांदा म्हणाले होते. सगळे हसले, तूही हसलीस. मग तू दिवसभर नाकावर हात धरून फिरत होतीस.

निकाल आला की कळव. तू म्हणशील तेव्हा येते.

मावशी

२१ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

कंपनीचं पत्र आलं. एक पान आहे.

तुझा जबाब त्यांनी मान्य केलाय. त्यावरून आधीच्या तक्रारी खोट्या होत्या असं त्यांनी धरलं आणि पहिल्या ऑपरेशनची मंजुरी रद्द केली. पुढे लिहिलंय, अर्जदाराने यापूर्वी श्वासाच्या त्रासाबद्दल खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं असल्यामुळे, श्वासाच्या त्रासाबद्दलची तिची सध्याची तक्रार विश्वासार्ह मानता येत नाही. आधी तक्रार जुनी होती म्हणून नाही, आता खोटी आहे म्हणून नाही. मी ते पान दोनदा वाचलं आणि मला हसू आलं. मग हसताना श्वास पुरला नाही, आई धावत आली.

मी तुझ्यावर रागावलेय. खूप. ते आज जाणार नाही, उद्याही जाणार नाही. पण रोज खुर्चीत बसून मी तेही आठवते, की सांगितलं तू, बोलले मी. डॉक्टरांच्या थंड पट्टीवर श्वास चोरला तो मीच. तेव्हा तो माझ्याकडे हवा तेवढा होता.

डॉक्टरीणबाई म्हणतात, सवय होते. काही जणांना होते.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. आई थकलीय. माझा आवाज ऐकत ती मोजत बसते, तिला दोन महिन्यांत सलग झोप नाही. शेजारच्या काकू एका रात्री सोबतीला आल्या, त्यांनाही ते ऐकवेना, पहाटेच निघून गेल्या. या घरात माझ्याजवळ कुणालाच झोपता येत नाही. तुला येईल. तू कानातलं काढून ठेवलंस की तुला काहीच ऐकू येत नाही. माझ्या खोलीत तुझी गादी टाकलीय. माझा हात तुझ्या हातात राहू दे, बाकी तू झोप, म्हणजे आईला तिकडे दार लावून झोपता येईल.

कधीही ये, कितीही वाजता. मी जागीच असते.

तुझी,
भिंगरी